नाशिकच्या नामावळ्या आणि घराण्याचा शोध

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटले की आज आधी एखादे संकेतस्थळ सुचवले जाते. नाशिक-त्र्यंबकेश्वरात मात्र हे काम कित्येक पिढ्या तीर्थोपाध्यायांच्या घरीच होत आले आहे. गोदावरीवर स्नान, श्राद्ध किंवा अस्थिविसर्जनासाठी आलेल्या यजमानाचे गाव, कूळ, वाडवडील, भाऊ, मुले हे सगळे गुरुजींच्या बाडात उतरवले जाई आणि खाली यजमानाची सही घेतली जाई. याच नोंदींना नामावळी म्हणतात.

या नोंदी ठेवण्यामागे वंशावळ जपण्याचा हेतू मुख्य नव्हता. उपाध्येपण ही वृत्ती, म्हणजे उपजीविकेचा हक्क होता, वडिलांकडून मुलाकडे जाणारा. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे यजमान कोणाचे, यावरून वाद होत, आणि ज्याच्या बाडात आजोबा-पणजोबांचा हस्तलेख सापडे त्याचा हक्क मानला जाई. म्हणजे सही हा पुरावा होता. म्हणूनच ही बाडे इतक्या निगुतीने सांभाळली गेली, आणि म्हणूनच आजही ती सहजासहजी परक्याच्या हाती दिली जात नाहीत. मला हा संकोच पूर्णपणे रास्त वाटतो.

 बाडांतली जुनी पाने मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि दफ्तरांतून गेली, त्यामुळे पणजोबांची सही समोर असूनही ती वाचता न येणारे नातू-पणतू आज बरेच आहेत.

संकेतस्थळांची गोष्ट दूर अमेरिकेत सुरू होते. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत १८९४ मध्ये वंशावळींसाठी एक संस्था निघाली. तिने १९३८ पासून जुन्या नोंदींचे मायक्रोफिल्मवर छायाचित्रण सुरू केले आणि १९७० च्या दशकात तिचे कॅमेरे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांपर्यंत पोहोचले. १९९९ मध्ये तिचेच 'फॅमिलीसर्च' हे संकेतस्थळ खुले झाले. ते विनामूल्य आहे.

आपल्याकडे या शोधाला जोर आला तो २०२३ मध्ये. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावचे लोक १९६७ पूर्वीचे कागद शोधू लागले. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, हा शब्द घरोघरी माहीत झाला. मोडी वाचकांना एकदम मागणी आली. जुने सातबारे, फेरफार आता महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावरही पाहता येतात. नाशिककरांनी सुरुवात तिथूनच करावी, असे मी सांगेन. फक्त जमिनीच्या कागदात मुख्यतः ज्याच्या नावे जमीन तोच दिसतो. घरातली बाकीची माणसे, लहान मुलेसुद्धा, भेटतात ती नामावळीत.

या बाडांना ओल आणि कसर दोन्ही लागते. गुरुजींचा हक्क अबाधित ठेवून बाडांची छायाचित्रे काढून ठेवायला हवीत, आणि तेही लवकर.

गुरुजींकडे जाताना मूळ गाव आणि तालुका पक्का माहीत हवा. नोकरीसाठी जिथे राहायला आलो ते गाव सांगून उपयोग नाही. आडनाव मध्ये बदलले असेल तर जुनेही सांगावे. नोंद सापडली की गुरुजी बाड आपल्यापुढे सरकवतात आणि नव्या पिढीची नावे लिहून सही करायला सांगतात.