माग साखळीवर, नाव कागदावर: आभासी चलनाच्या तपासाची पार्श्वभूमी

ट्रेडिंगच्या बनावट ॲपवर किंवा टेलिग्रामवरच्या 'टास्क'च्या नादात गेलेला पैसा आता बँक खात्यात फार वेळ थांबत नाही. दारव्ह्याच्या किंवा मेहकरच्या माणसाने यूपीआयने पाठवलेली रक्कम दोन-चार खात्यांतून फिरते, तिचे तुकडे होतात आणि त्यातून यूएसडीटी हे डॉलरच्या भावाशी बांधलेले आभासी चलन घेतले जाते. ठाण्यात तक्रारदाराला मग ऐकायला मिळते, "पैसा क्रिप्टोत गेला, आता सापडणं कठीण." हे अर्धेच खरे आहे. पैसा कुठे गेला हे तिथे बँकेपेक्षाही स्वच्छ दिसते. कठीण असते ते, तो कोणाच्या हातात गेला हे सांगणे. या दोन गोष्टींतले अंतर कशाने वाढले आणि कशाने कमी झाले, हे समजून घेतल्याशिवाय आजचा तपास कळत नाही.

बिटकॉइन या आभासी चलनाचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदीचे पहिले पान, ३ जानेवारी २००९ चा. पानाला पान जोडून झालेल्या या साखळीवर (ब्लॉकचेनवर) तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार आजही कोणालाही उघडून पाहता येतो. नाव नाही म्हणजे माग नाही, असा समज गुन्हेगारांचा होता आणि बरीच वर्षे पोलिसांचाही. २०१३ मध्ये तो मोडला. अमेरिकेतल्या विद्यापीठीय संशोधकांनी दाखवून दिले की, एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरून (पत्ता म्हणजे साखळीवरचा खातेक्रमांकच) एकत्र पैसे निघाले, तर त्या साऱ्या पत्त्यांच्या किल्ल्या, म्हणजे तिथले चलन हलवायचे गुप्त संकेत, बहुधा एकाच हाती असतात. असे पत्ते जुळवत गेले की हजारो पत्त्यांचा एक गठ्ठा एका मालकाच्या नावे लागतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात बिटकॉइनवर चालणारा अमली पदार्थांचा मोठा ऑनलाइन बाजार बंद पाडण्यात आला. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेलवाहिनी कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी भरली. त्यातले सुमारे ६३.७ तपास यंत्रणेने पुढच्याच महिन्यात परत मिळवले. २०१६ च्या एका चोरीतले ९४,००० हून अधिक बिटकॉइन फेब्रुवारी २०२२ मध्ये जप्त झाले, कारण किल्ल्या आरोपीच्या ऑनलाइन साठ्यातल्या एका कुलूपबंद फाइलमध्ये सापडल्या. सहा वर्षांनीही नोंद जागच्या जागी होती.

पण या साऱ्या मागाला एक ठरावीक अडसर आहे. पैसा एखाद्या एक्सचेंजमध्ये, म्हणजे आभासी चलनाच्या बाजारात, शिरला की साखळीवरचा माग तिथे संपतो. एक्सचेंज प्रत्येक ग्राहकाला जमा करायला वेगळा पत्ता देते आणि आलेले सारे स्वतःच्या मोठ्या वॉलेटमध्ये, म्हणजे चलनाच्या बटव्यात, ओढून घेते. जिनिंगमध्ये गंजीवर पडलेला कापूस कोणत्या शेतकऱ्याचा, हे गंजीकडे पाहून सांगता येत नाही, त्यासाठी काटापावतीच बघावी लागते, इथेही तसेच. त्या मोठ्या वॉलेटमधून पुढे निघालेल्या पैशामागे धावणारा तपास दुसऱ्याच कोणाच्या दारात जाऊन उभा राहतो. शहाणा अधिकारी जमा झालेल्या पत्त्यापाशी थांबतो आणि एक्सचेंजला नोटीस काढतो: हा पत्ता कोणत्या ग्राहकाला दिला होता? पूर्वी ही नोटीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली निघते. उत्तरात पॅन, आधार, सेल्फी, जोडलेले बँक खाते, मोबाइल क्रमांक, लॉगिनचे आयपी पत्ते येतात. नाव येते ते या कागदांतून.

म्हणून भारतातल्या तपासाचा इतिहास मुख्यतः या कागदांचा इतिहास आहे, आणि त्यातला सर्वांत वादाचा निर्णय २०१८ चा आहे.

देशाच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०१३ पासून आभासी चलनाबद्दल इशारे दिले होते. ६ एप्रिल २०१८ रोजी तिने पुढचे पाऊल टाकले. आपल्या नियंत्रणाखालच्या बँकांनी या व्यवहारांत असलेल्या कोणालाही सेवा देऊ नये, आणि आधीच देत असल्यास तीन महिन्यांत ती बंद करावी, असे परिपत्रक काढले. काळजी खोटी नव्हती. दरमहा १० टक्के परताव्याने १८ महिने पैसे देण्याचे आमिष दाखवणाऱ्या एका बिटकॉइन योजनेने पुण्या-नागपुरातल्या अनेकांना त्याच सुमारास रस्त्यावर आणले होते. गावाकडेही या योजनेचे नाव पोहोचले ते ओळखीच्या, नात्यातल्या माणसांच्या तोंडून.

पण या परिपत्रकाने चलनाची खरेदी-विक्री थांबली नाही. तिचा बँकेशी असलेला उघड संबंध तेवढा तुटला. त्याआधी ग्राहक एक्सचेंजच्या खात्यात पैसे भरे, आणि खातेउताऱ्यावर एक्सचेंजचे नाव दिसे. नंतर जे एक्सचेंज बंद पडले नाहीत, ते 'पीटूपी'कडे वळले. यात एक्सचेंज विकणाऱ्याचे चलन तात्पुरते अडकवून ठेवते आणि घेणारा रुपये थेट विकणाऱ्याच्या खात्यात टाकतो. उताऱ्यावर उरते ते फक्त एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे. ते उसनवारीचे, तुरीचे की यूएसडीटीचे, हे बँकेलाही कळत नाही आणि उतारा हातात घेऊन बसलेल्या हवालदारालाही नाही. फसवणुकीतला पैसा मिसळायला याहून सोयीची जागा नव्हती. परिपत्रकाचे समर्थक म्हणतात की, त्याने सामान्य ठेवीदार वाचला. काही वाचले असतील. तपासाच्या बाजूने पाहिले तर ज्या दारावर नोंदवही होती तेच दार बंद केले गेले आणि सारी वर्दळ मागच्या बोळात गेली, असेच माझे मत आहे.

४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे परिपत्रक रद्द केले. मध्यवर्ती बँकेला या क्षेत्रात हस्तक्षेपाचा अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र नियंत्रणाखालच्या बँकांचे काय नुकसान झाले हे दाखवता आले नाही, त्यामुळे हा उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. तरीही काही बँका रद्द झालेल्या परिपत्रकाचा दाखला ग्राहकांना देतच राहिल्या. शेवटी ३१ मे २०२१ रोजी मध्यवर्ती बँकेलाच सांगावे लागले की, हा दाखला देऊ नका, ओळख-पडताळणी मात्र सुरू ठेवा.

निकालानंतरची तीन वर्षे मला २०१८ पेक्षाही जास्त खटकतात. बंदी गेली, पण तिच्या जागी नियम आला नाही. मोठे एक्सचेंज आपणहून केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पडताळणी, करत होते. तरी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली नोंदी ठेवण्याचे, संशयास्पद व्यवहार कळवण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. टाळेबंदीत घरी बसलेली गावागावातली पोरे मोबाइलवरून या बाजारात शिरली ती याच काळात. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस लागू झाला. त्यामुळे पॅनशी जोडलेली नोंद तयार होऊ लागली. बरेच लोक परदेशी एक्सचेंजकडे पळाले, हेही खरे. एप्रिल २०२२ मध्येच केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने ग्राहकांची ओळख व व्यवहार पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. आणि ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी चलनाचे व्यावसायिक व्यवहार अखेर मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षाच्या अखेरीस नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा गेल्या, नव्या वर्षात त्यांची ॲप इथे बंद झाली, आणि मग त्यांतले काही दंड भरून नोंदणीला आले.

वर सांगितलेल्या बिटकॉइन योजनेच्या तपासाला याच सुमारास गालबोट लागले. माग काढायला मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधले चलन त्यांनी आपल्याकडे वळवले, असा आरोप होता. त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी होता. जप्ती म्हणजे किल्ली ताब्यात घेऊन चलन सरकारी वॉलेटमध्ये हलवणे, आणि हे पंचांसमोर व्हायला हवे, याची जाणीव पोलीस दलाला या प्रकरणाने करून दिली.

आता कागदावरच्या नावाकडे येऊ. विदर्भात ही बाजू सर्वांत दुखरी आहे. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाल्यापासून वाडी-तांड्यापर्यंत खाती पोहोचली. रोजगार हमीची मजुरी, किसान सन्मानचा हप्ता, पीकविम्याचे पैसे त्यात येतात. गरिबाला त्याचा मोठा आधार झाला. पण अशी खाती भाड्याने मागणारे दलालही मागोमाग आले. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम असा पूर्ण संच ते घेतात. कर्ज मंजूर करतो, अनुदान आणून देतो, असे सांगून एक्सचेंजच्या केवायसीसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर पापण्याही मिटायला लावतात. मग एक्सचेंजकडून आलेल्या कागदावर पॅन खरा, आधार खरे, चेहराही खरा असतो, आणि तो घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या शेतमजुराचा असतो. यूएसडीटी हा शब्द त्याने ऐकलेला नसतो. अशा माणसाला उचलून आणून गुन्हा उघडकीस आल्याचे जाहीर करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि खरा आरोपी त्याने सुरक्षित होतो.

त्यामुळे नावापेक्षा त्याभोवतीच्या नोंदींना किंमत जास्त असते: लॉगिन कोणत्या फोनवरून झाले, त्याच फोनवरून आणखी किती खाती चालली, आयपी पत्ता कुठला, रोकड कोणत्या एटीएममधून निघाली. एकाच फोनवर बारा जणांची केवायसी दिसली की दलाल उघडा पडतो. एटीएमचे चित्रण मात्र फार काळ टिकत नाही, आणि इथेच ग्रामीण ठाण्याची अडचण सुरू होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. आमच्याकडच्या कित्येक लहान ठाण्यांचे ठाणेदार सहायक पोलीस निरीक्षक असतात. मग कागद जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडे जातात आणि मधले दिवस वाया जातात. १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर बँकेत असलेली रक्कम थांबवता येते. यूएसडीटी जारी करणारी कंपनीसुद्धा एखाद्या पत्त्यावरचे चलन गोठवू शकते, पण तिच्यापर्यंत विनंती पोहोचेस्तोवर ते तिथे असावे लागते.

रक्कम थांबवण्याचाही एक वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. फसवणुकीचा पैसा तिसऱ्या-चौथ्या हाताने वरुडच्या संत्रा व्यापाऱ्याच्या खात्यात मालाची किंमत म्हणून आला, तरी खात्याला 'होल्ड' लागतो, कधी कधी पूर्ण खात्यालाच. नव्या संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस मालमत्ता ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्याला कळवतात. कलम १०७ खाली गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेवर टाच आणायला न्यायालयाचा आदेश लागतो. खाते गोठवणे यांतल्या कोणत्या कलमात बसते, यावर उच्च न्यायालयांचे निकाल सारखे नाहीत. तोवर होल्ड काढून घेण्यासाठी बहुतेक वेळा ज्या ठाण्याने तो लावला त्याच्याकडे अर्ज करावा लागतो, आणि ते ठाणे अनेकदा महाराष्ट्रातही नसते.