प्रामाणिक हेतू म्हणजे वाजवी वर्तन नव्हे

‘माझ्या बुद्धीला पटले तसे मी प्रामाणिकपणे वागलो, म्हणजे कायद्याने ते वाजवीच’ हा समज नागपूरच्या न्यायालयांत येणाऱ्या अनेक पक्षकारांच्या मनात पक्का असतो. तो चुकीचा आहे. इंग्लंडमधील 1837 च्या वॉन विरुद्ध मेनलव्ह खटल्यात प्रतिवादीने हद्दीलगत गवताची गंजी रचली, ती पेटेल असे वारंवार बजावूनही हलवली नाही आणि अखेर शेजाऱ्याची घरे जळाली. आपण आपल्या अकलेप्रमाणे वागलो, हा त्याचा बचाव न्यायालयाने फेटाळला, आणि योग्यच केले, कारण ज्याची त्याची अक्कल हेच माप धरले तर शेजाऱ्याला संरक्षण उरत नाही. निष्काळजीपणाच्या दाव्यात त्या परिस्थितीत सावध, विचारी माणूस कसा वागला असता, हे पाहिले जाते. उन्हाळ्यात कूलरची सोललेली वायर ‘काही होत नाही’ म्हणून तशीच ठेवणाऱ्यालाही हीच कसोटी लागते.