दुःखाला पाच पायऱ्या असतात का?

सोसायटीच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: दुःख नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार याच क्रमाने सरतं; शेवटची पायरी गाठल्यावरच जगण्याला पुन्हा अर्थ सापडतो.

ही यादी १९६९च्या एका पुस्तकातली. पण ती मुळात मागे राहिलेल्यांची नव्हतीच. स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून ती मांडली होती. (इतकी नीटनेटकी यादी कुणालाही पटेल. मलाही पटली होती.) पुढे २००७ साली २३३ शोकग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वीकार सुरुवातीपासूनच सर्वाधिक दिसला, आणि त्रासदायक भावनांत वरचढ होती ती गेलेल्या माणसाची ओढ. ती तर पाचांत नाहीच!

पडताळायचंय? महिनाभर रोज रात्री वहीत तारीख आणि मनाची अवस्था एका शब्दात लिहा. क्रम लागतो का बघा.

काकांना वैकुंठात पोचवून आलो, त्याच संध्याकाळी काकूंनी त्यांच्या कुंड्यांना पाणी घातलं. म्हणाल्या, "हे आता माझ्याकडे." राग आला तो चार महिन्यांनी, बँकेत सही जुळेना तेव्हा.