तंबोऱ्यातला न छेडलेला गंधार

कोजागिरीला आमच्या गावच्या देवळात, सभामंडपात, ख्यालगायन झालं. तंबोरे जुळवण्यात दहा-बारा मिनिटं गेली. शेजारी बसलेल्या मामांनी दोनदा विचारलं, "गाणं कव्हा सुरू होते जी?" मी म्हटलं, "मामा, हेच ऐका." त्यांना पटलं नाही. राग ओळखता येत नसेल तर शास्त्रीय गाणं आपल्यासाठी नाही, हा समज गावोगावी पक्का बसलाय. मला तो मोडायचा आहे. रागाचं नाव राहू द्या, आधी तंबोरा ऐका.

तंबोऱ्याला बहुधा चार तारा. पहिली पंचमाची (प), मधली जोडी षड्जाची (सा), चौथी खर्जाची (खालचा सा). गंधाराची (ग) तार नाहीच. तरी नीट जुळलेल्या तंबोऱ्यात खर्ज छेडला की क्षणभरानं गंधार वर येतो. कुठून येतो?

ताणलेली तार अख्खी कंपते, आणि त्याच वेळी अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागांतही कंपते. खर्ज ७० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७० कंपनांचा धरा. त्यातून १४०, २१०, २८०, ३५० हेही निघतात. १४० गायकाचा सा, २१० पंचम, २८० वरचा सा आणि ३५० गंधार. गवई याला स्वयंभू गंधार म्हणतात.

साध्या तारेत हे वरचे स्वर लवकर विरतात. तंबोऱ्यात ते फुलतात ते घोडीमुळे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीमुळे. गिटारची तार घोडीच्या धारेवर एका जागी टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद, माथा घासून किंचित उतरता केलेला. तार खाली आली की त्या उतारावर जरा जास्त टेकते, वर गेली की सुटते. म्हणजे कंपणारी लांबी दर हेलकाव्याला थोडी बदलते, आणि त्या हलक्या स्पर्शातून खालच्या स्वराची ऊर्जा वरच्या स्वरांत जात राहते. हीच जवारी. तार नेमकी कुठे टेकावी हे ठरवतो तिच्याखाली सरकवलेला सुताचा दोरा. आपल्याच कापसाचं सूत! दोरा त्या जागेवरून जरा सरकला की गुंजन मावळतं.

तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर उमटू नयेत, कारण मध्य ही त्यांची स्थिर जागा. हा जुना नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवलं की तंबोरा तो पाळत नाही, हे स्वर त्यात स्पष्ट उमटतात.

आता गायकाचा गंधार १७५ चा असेल तर तो तंबोऱ्यातल्या ३५० मध्ये मिसळून जातो. पेटीचा गंधार साधारण १७६.४, त्याची दुप्पट ३५२.८. ३५० शेजारी तो सेकंदाला जवळपास तीनदा थरथरतो. ही थरथर कुणाच्याही कानाला कळते, त्याला स्वरलिपी लागत नाही.

पेरण्या खोळंबल्या की मल्हार रागानं पाऊस पाडल्याच्या गोष्टी मोबाईलवर फिरतात. पाऊस ढगातल्या बाष्पानं पडतो. मुलांना त्यापेक्षा तारेखालचा दोरा सरकवून दाखवा.

त्या रात्री माईक फक्त गायकाला आणि तबल्याला होता. मध्यंतरात मी एक माईक तंबोऱ्याच्या भोपळ्याजवळ ठेवायला लावला. मामांनी भजनात आयुष्यभर एकतारी धरलेली. ते बराच वेळ गप्प बसले, मग माझ्या कानाशी म्हणाले, "चौथ्या तारेत अजून कोणीतरी बोलून रायलं जी."