पटवाऱ्याच्या शिक्क्याशिवाय सातबारा चालत नाही?

खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी बँकेत गेलं की आमच्या यवतमाळकडच्या गावांत अजूनही ऐकू येतं, 'ऑनलाइन सातबारा चालत नाही, पटवाऱ्याचा, म्हणजे तलाठ्याचा, शिक्का आणा.' एका शिक्क्यासाठी ऐन पेरणीत मजुरी बुडते, म्हणून हे स्पष्ट सांगायलाच हवं: हा समज चुकीचा आहे.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून मिळतो. महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत. त्यावर वेगळी सही-शिक्का लागत नाही, कारण २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली आहे. खरा आहे की नाही हे कागदावरच्या पडताळणी क्रमांकावरून बँकेलाच तपासता येतं.

गोंधळ होतो तो फुकटच्या उताऱ्यामुळे. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसणारा विनास्वाक्षरी सातबारा फक्त माहितीसाठी असतो. तो नेला तर बँक परत पाठवणारच, आणि गावात बोभाटा होतो की ऑनलाइनचं सगळंच खोटं.

पण मला वाटतं, मूळ याहून खोल आहे. पिढ्यान्‌पिढ्या पटवाऱ्याच्या कार्यालयाची ओळखच शिक्का होती. शिक्का गेला तर पटवारी उरला कशाला, असं लोकांना वाटतं, कधी कधी कर्मचाऱ्यांनाही. खरं तर फेरफाराची (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची) नोंद, वारसांची चौकशी, नुकसानीचा पंचनामा ही कामं कुठलंही पोर्टल करत नाही. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः ई-पीक पाहणी ॲपवर करतो. ती तपासायलाही बांधावर माणूसच लागतो.