रिचर्डसन यांचे 145 हेक्टोपास्कल

मे 2025 मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामानाच्या अंदाजाची नवी प्रणाली आपल्याकडे सुरू झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ती विकसित झाली असून साधारण 6 किलोमीटरच्या जाळीवर ती हवेचे गणित मांडते. अशा बातम्यांमुळे हवामानाचे गणित ही संगणकाची देणगी आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हे गणित संगणक जन्मण्याच्या कितीतरी आधी एका ब्रिटिश गणितज्ञाने हाताने सोडवले होते. त्याचे उत्तर साफ चुकले, आणि ते का चुकले हाच या हकिकतीतला सर्वांत सुंदर भाग आहे.

लुईस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म 1881 साली न्यूकॅसलच्या एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर पंथाला युद्ध मान्य नाही. त्यामुळे पहिल्या महायुद्धात रिचर्डसन यांनी शस्त्र उचलले नाही, मात्र 1916 ते 1919 या काळात फ्रान्सच्या आघाडीवर रुग्णवाहिका चालवून जखमी सैनिकांना वाहून नेले. या धावपळीतून जो वेळ मिळे त्यात, थंड आणि ओल्या मुक्कामी गवताच्या ढिगावर बसून, ते हवेची गणिते करीत. त्यांचे हस्तलिखित 1917 च्या शँपेनच्या लढाईत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

त्यांची कल्पना अशी होती. हवा न्यूटनचे नियम पाळते, पण ते नियम सांगणारी समीकरणे थेट सुटत नाहीत. म्हणून नकाशावर सुमारे 200 किलोमीटर बाजूचे चौकोन आखावेत, प्रत्येक चौकोनावरच्या हवेचे उंचीनुसार पाच थर मानावेत आणि एका थरातून दुसऱ्यात, एका चौकोनातून शेजारच्यात किती हवा, उष्णता व बाष्प गेले, याचा साध्या बेरीज-वजाबाकीने हिशोब ठेवावा. चाचणीसाठी त्यांनी 20 मे 1910 हा दिवस निवडला, कारण त्या दिवशी युरोपात ठिकठिकाणी फुगे सोडून वरच्या हवेच्या नोंदी घेतल्या गेल्या होत्या. सकाळी 7 वाजताच्या नोंदींवरून सहा तासांतला बदल काढला, तेव्हा म्युनिकच्या परिसरात हवेचा दाब 145 हेक्टोपास्कलने (हेक्टोपास्कल हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तिथला दाब त्या दिवशी जवळजवळ स्थिर होता.

आता चूक कुठे झाली ते पाहू. जमिनीवरचा हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजन होय. तो साधारण 1000 हेक्टोपास्कल असतो, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 10 टन हवा उभी असते. 200 किलोमीटर रुंदीच्या एका चौकोनावरचा हवेचा स्तंभ डोळ्यांपुढे आणा. सेकंदाला 10 मीटर वेगाने वाहणारा वारा सहा तासांत 216 किलोमीटर जातो, म्हणजेच तेवढ्या वेळात स्तंभातली सगळी हवा एका बाजूने बाहेर पडते आणि दुसऱ्या बाजूने तितकीच नवी आत येते. दाबातला बदल म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या हवेतला फरक. आवक हजाराची, जावक हजाराची आणि शिल्लक एक-दोन हेक्टोपास्कलची. अशा हिशोबात हवा आत येते त्या बाजूचा वारा सर्व थरांत मिळून सरासरी 10 ऐवजी 11 मीटर धरला गेला, तर तेवढ्यानेच दाबात 108 हेक्टोपास्कलची खोटी वाढ दिसते. त्या काळच्या विरळ नोंदींत एवढी चूक राहणे अगदी स्वाभाविक होते.

याला आणखी एक पदर आहे. खऱ्या वातावरणात दाब आणि वारा एकमेकांना सांभाळून असतात; नोंदींतल्या चुकांमुळे हा तोल कागदावर बिघडला, की गणिताला तिथे मोठ्या, वेगवान लाटा दिसू लागतात. अशी लाट काही वेळात चढून उतरते, पण रिचर्डसन यांनी त्या एका क्षणाचा चढ सलग सहा तास धरला. किनाऱ्यावर एक लाट क्षणभर वर येताना पाहावी आणि त्या वेगाने संध्याकाळपर्यंत समुद्र किती चढेल ते काढावे, तसे हे झाले. आयरिश हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी पुढे याच नोंदींतल्या खोट्या लाटा गाळून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा दाबातला बदल एका हेक्टोपास्कलच्या आसपास आला. रीत बरोबर होती, सुरुवातीचे आकडे बेताल होते.

हे चुकलेले उत्तर रिचर्डसन यांनी 1922 च्या आपल्या पुस्तकात सविस्तर छापले, म्हणून ते तपासता आले. आपल्याकडे दर जूनमध्ये मृगाचे वाहन कोल्हा की बेडूक यावरून पावसाचे भाकीत सांगितले जाते. ते वाहन काढताना दाब, वारा किंवा बाष्प यांपैकी काहीच मोजलेले नसते, त्यामुळे भाकीत चुकले तरी त्यातून कोणी काही शिकू शकत नाही. या दोहोंना एका तराजूत घालणे मला मुळीच मान्य नाही.

त्याच पुस्तकात रिचर्डसन यांनी एका प्रचंड सभागृहाचे चित्र रंगवले आहे. भिंतींवर पृथ्वीचा नकाशा आणि त्याला लागून आकडेमोड करणारी माणसे. हवामानाच्या वेगाशी बरोबरी राखायला अशी 64,000 माणसे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. मधोमध उंचावर एक प्रमुख उभा असेल आणि पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी, मागे पडणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकून सर्वांना एका लयीत ठेवील.

1920 साली ब्रिटनचे हवामान खाते हवाई मंत्रालयाकडे गेले, तेव्हा लष्कराशी संबंध नको म्हणून रिचर्डसन यांनी त्या खात्यातली आपली नोकरी सोडली. पुढे ते युद्धांच्या कारणांचे गणित मांडू लागले. त्याच ओघात त्यांच्या लक्षात आले, की मोजपट्टी जितकी लहान, तितकी देशाची सीमा लांब भरते. गणितज्ञ बेनुआ मँडेलब्रॉट यांनी 1967 मध्ये हाच धागा पुढे नेला.

1950 मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकावर पहिले अंदाज काढले गेले. 24 तासांच्या अंदाजाला यंत्राला जवळजवळ 24 तासच लागत. हे काम करणारे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी ते निकाल रिचर्डसन यांना पाठवले. रिचर्डसन यांनी पत्नी डोरोथी यांच्यापुढे नकाशे ठेवून विचारले, की दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या नकाशाशी कोणता अधिक जुळतो, आदल्या दिवशीचा की यंत्राने काढलेला? सरासरीने यंत्राचा सरस ठरला. आपल्या एकमेव आणि पूर्ण चुकलेल्या उत्तरापेक्षा ही फार मोठी प्रगती आहे, असे त्यांनी चार्नी यांना कळवले.