स्कोअर ६–५, म्हणून बक्षीसही ६:५?

बॅकगॅमनची (फासे-सोंगट्यांचा, दोघांत खेळायचा पटावरचा खेळ) फायनल अर्ध्यावर थांबवून बक्षीस वाटून घ्यायचं ठरलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "गुणांच्या प्रमाणात वाटा." ऐकायला न्याय्य, पण चूक. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापलेला हा तोडगा पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारात मोडीत निघाला. किंमत मिळवलेल्या गुणांना नाही, जिंकायला किती उरलेत त्याला.

समजा ७ गुणांचा सामना, पुढचा खेळाडू नुकताच ६ वर पोचलाय, मागचा ५ वर. बक्षिसं ८०,००० आणि २०,००० रुपये. प्रमाणाने वाटलं तर पुढच्याच्या हाती जेमतेम ५४,५००. खरं तर २०,००० दोघांचेही पक्के. झगडा उरलेल्या ६०,०००चा. कुणी विजयापासून एका गुणावर आला की लगेचच्या डावात डबलिंग क्यूब (डावाचे गुण दुप्पट करायचा ठोकळा) बंद, हा क्रॉफर्ड नियम. म्हणजे मागच्याने एकतर गॅमन मारून (समोरच्याची एकही सोंगटी पटाबाहेर पडायच्या आत डाव जिंकून) एकदम दोन गुण घ्यायचे, नाहीतर लागोपाठ दोन डाव जिंकायचे. तुल्यबळ खेळाडूंत पुढच्याची शक्यता सुमारे ६८ टक्के धरतात. त्याचा वाटा झाला ६०,८००, दुसऱ्याचा ३९,२००. एका गुणाच्या आघाडीवर दोन हिशोबांत सहा हजारांहून जास्त फरक!

अर्थात, मागे असलेला खेळाडू उघडउघड सरस असेल तर तो या आकड्याला राजी होणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही नाही.